ग्रंथसंग्राहकांचे प्रश्न : जुने गणितग्रंथ

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. जुन्या गणितग्रंथांचा संग्रह करावा, असे फार दिवसांपासून मनात आहे. परंतु न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ला लिलावात मिळालेली किंमत वाचल्यापासून हा नाद आपल्याला परवडणारा नाही, असे घरचे म्हणतात. तुमचे मत काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : १६८७च्या पहिल्या आवृत्तीची ती प्रत २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये सुमारे ३७ लाख डॉलरांना गेली, हे खरे आहे. गंमत अशी की, ते पुस्तक म्हणावे तितके दुर्मिळ नाही. १९५३च्या गणतीत त्या आवृत्तीच्या १८७ प्रती नोंदल्या गेल्या होत्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या गणतीत त्या ३८६ भरल्या. किंमत ठरते ती मागणीवर. म्हणून ज्यांच्या मागे सारे जग लागले आहे ती नावे सोडून द्यावीत आणि स्वतःला ज्यात गती आहे असा एखादा लहान विषय धरावा.

तुमच्यासाठी मी ‘भारतीय गणित छापील रूपात कसे आले’ हा विषय सुचवेन. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक कोलब्रुक यांनी ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांच्या गणिताचे केलेले इंग्रजी भाषांतर १८१७ साली लंडनला छापले गेले. ते आज स्वस्त नाही, पण ते या विषयाचे शिखर आहे आणि शिखरापासून आरंभ करण्याचे कारण नाही. दिल्लीचे गणितशिक्षक रामचंद्र यांचे महत्तम-लघुतम मूल्यांवरील पुस्तक १८५० साली कलकत्त्यात निघाले आणि इंग्रज गणिती डी मॉर्गन यांच्या देखरेखीखाली १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा छापले गेले. या दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता आल्या, तर तेवढ्यानेही संग्रहाला अर्थ येईल. आणि अगदी घराजवळचे उदाहरण म्हणजे पुण्याच्या आनंदाश्रमाने १९३७ साली दोन भागांत काढलेली ‘लीलावती’. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचे ‘बुद्धिविलासिनी’ हे भाष्य तीत आहे. संग्राहकाच्या दृष्टीने हे पुस्तक कोवळेच, परंतु शिक्षकाने आरंभ त्यानेच करावा, असे मला वाटते. मात्र दोन्ही भाग एकदमच घ्यावेत; एकट्या भागाचा जोडीदार शोधण्यात वर्षे जातात.

प्रश्न : लंडनमधील माझ्या भाच्याला ऑलिव्हर बर्न यांच्या रंगीत युक्लिडची (म्हणजे युक्लिडच्या भूमितिग्रंथाच्या रंगीत आवृत्तीची) १८४७ची प्रत ‘संपूर्ण व उत्तम’ म्हणून दाखविण्यात आली आहे. त्याने काय पाहावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : या पुस्तकात बिंदू व कोन अक्षरांनी न दाखविता लाल, पिवळ्या आणि निळ्या आकृत्यांनी दाखविले आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यात युक्लिडचे पहिले सहाच खंड आहेत, त्यामुळे पुढचे खंड नसणे हा दोष नव्हे. त्या कागदावर तपकिरी ठिपके पडणे इतके नेहमीचे आहे की, पाने अगदी स्वच्छ दिसली, तर आनंद होण्याआधी ते अलीकडचे पुनर्मुद्रण तर नाही ना, हे पाहावे. मूळ छपाई लाकडी ठशांची असल्याने रंग रेषेपासून किंचित सरकलेला आढळतो. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

‘संपूर्ण’ या शब्दावर मात्र विसंबू नये. उदाहरणार्थ, बिलिंग्जली यांच्या १५७०च्या इंग्रजी युक्लिडमध्ये अकराव्या खंडात घनाकृती समजाव्यात म्हणून कागदाच्या उभ्या करता येणाऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत. पाने सगळी असली, तरी त्या पट्ट्या गळालेल्या असू शकतात आणि केवळ पाने मोजणाऱ्याला ते कळतही नाही. (त्याच ग्रंथाच्या शीर्षकपानावर भूमितिकार युक्लिडला त्याच नावाचा दुसरा माणूस, मेगाराचा तत्त्वज्ञ, ठरविले आहे. ही चूक मूळचीच आहे. कोणी ती दोष म्हणून दाखवून भाव पाडू लागला, तर हसावे.) तेव्हा भाच्याने एखाद्या मोठ्या ग्रंथालयातील प्रतीचे वर्णन समोर ठेवून पान, आकृती आणि रंग एकेक करून ताडून पाहावे.

प्रश्न : मी घेतलेल्या एका जुन्या बीजगणितावर ग्रंथालयाचा शिक्का खरवडून काढलेला दिसतो. विक्रेता म्हणतो, ‘जुन्या पुस्तकांत असे चालायचेच.’ (एक वाचक, बडोदे)

उत्तर : चालायचे नाही. ग्रंथालये जादा प्रती रीतसर काढून टाकतात, परंतु तेव्हा शिक्का खरवडत नाहीत, त्यावर ‘रद्द’ अशी नोंद करतात. म्हणून खरवडलेला शिक्का दिसला की चोरीचा संशय घ्यावा. अशा चोरीचे गाजलेले उदाहरण गुग्लिएल्मो लिब्रीचे. तो स्वतः नामांकित गणिती आणि इटलीतील गणिताचा इतिहासकार. फ्रान्समधील ग्रंथालयांतील हस्तलिखितांची पाहणी करण्याचे काम त्याच्याकडे होते आणि तेथूनच त्याने चोऱ्या केल्या. १८४८ साली तो लंडनला पळाला आणि १८५० साली त्याच्या गैरहजेरीत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याने लांबविलेले फ्रेंच तत्त्वज्ञ व गणिती देकार्तचे १६४१चे एक पत्र अमेरिकेतील हॅवरफर्ड महाविद्यालयात सापडले आणि २०१० साली ते पॅरिसला परत गेले. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनीही मूळ मालकाचा हक्क संपला नव्हता. तुम्ही विक्रेत्याकडून पुस्तक कोठून आले हे लेखी मागा. तो देत नसेल, तर पुस्तक परत करा, आणि शिक्क्यातली दोन-चार अक्षरे वाचता येत असतील, तर त्या ग्रंथालयालाही कळवा.