एकरावर सही करायची की गावाला हाक मारायची?

ताई, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुमच्या आईला, वय 52, ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, तुमचं माहेर कळंब तालुक्यात, तुम्ही लातूरला नोकरीला, पगार 17 हजार. एका खाजगी दवाखान्यानं साडेसहा लाखाचं एस्टिमेट हातात दिलंय. भाऊ म्हणतोय चारातला एक एकर काढू, त्यावर तुमची सही पाहिजे. मैत्रीण म्हणतीय आईचा फोटो आणि क्यूआर कोड सगळ्या ग्रुपवर टाक. आणि वडील म्हणतायत की असं केलं तर गावात नाक कापलं जाईल. तर सही करू का फोटो टाकू, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर असं की आत्ता दोन्ही नको, कारण साडेसहा लाख हा आकडाच अजून तुमचा नाही. तो त्या दवाखान्याचा आकडा आहे.

महात्मा फुले जनआरोग्य योजना जुलै 2024 पासून सगळ्या रेशनकार्डांना लागू झालीय, पिवळं असो केशरी असो नाहीतर पांढरं, आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला 5 लाख आहे. कॅन्सरचं ऑपरेशन, किमो, रेडिएशन यांची पॅकेजेस त्यात आहेत. पण दवाखाना योजनेच्या यादीतला पाहिजे, आणि नोंद आधी झाली पाहिजे. आपल्याकडं लोक काय करतात, आधी भरून मोकळे होतात आणि मग पावत्यांची पिशवी घेऊन हिंडतात, ते पैसे परत मिळत नाहीत. योजना कॅशलेस आहे. म्हणून रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला गाठा, तो यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात बसलेला असतो, नाहीतर 155388 ला फोन लावा. तुम्हाला बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जवळ पडतं, संभाजीनगरला सरकारी कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि गरज पडली तर मुंबईचं टाटा आहेच. तिघांकडं विचारा की आईचे कोणते उपचार योजनेत बसतात आणि तारीख कधीची मिळते. आता ह्यात एक गोष्ट सांभाळायची, कागदापायी उपचार लांबवायचे नाहीत, डॉक्टरला सरळ विचारा की किती दिवस थांबलं तर चालेल आणि तेवढ्याच दिवसात हे उरकायचं.

धरून चालू की मुख्य उपचार योजनेत बसले. तरीपण पैसा लागतोच, आणि तो कुठं लागतो ते एस्टिमेटमधे कुणी लिहीत नाही. मी तुमच्या माहितीवरून अंदाज काढला. बाहेरून आणायची औषधं, तपासण्या 30 हजार. किमोच्या आठ खेपा, दोघांचं जाणं-येणं-खाणं दीड हजारानं 12 हजार. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस असतं, पाच आठवडे धरले तर खोलीभाडं आणि जेवण 25 हजार. तुमची दीड महिन्याची बिनपगारी रजा साडेपंचवीस हजार. आणि अडीनडीला 40 हजार. टोटल 1 लाख 32 हजार 500. तुमची एफडी 60 हजाराची आहे ती मोडा, अशाच दिवसासाठी असते ती. राहिले साडेबहात्तर हजार.

साडेसहा लाखासाठी एकर विकायचा विचार येणं साहजिक आहे हो. साडेबहात्तर हजारासाठी नाही.

जमिनीबद्दल एवढंच की गावाकडच्या शेतजमिनीच्या विक्रीवर सहसा कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही, तेव्हा अडचण टॅक्सची नाही. अडचण ही की घरात आजार आहे हे कळलं की घेणारा भाव पाडतो, आणि गेलेला एकर परत तुमच्या सातबाऱ्यावर येत नाही. भावाला सांगा, सही करणारच नाही असं म्हणत नाही, शेवटची म्हणून ठेवू. त्याच्या आधी तुमचं तीन तोळे सोनं आहे. दागिन्यावर बँकेतून वर्षाला दहा टक्क्याच्या आसपास कर्ज मिळतं, दोन लाख घेतले तर वर्षाचं व्याज 20 हजार. गावातला सावकार महिन्याला तीन टक्के घेतो, त्याच दोन लाखाचे वर्षाला 72 हजार होतात. आणि मोबाईलवरच्या झटपट लोनच्या अ‍ॅपकडं तर बघूसुद्धा नका.

आता वडिलांच्या नाकाचं बोलू, कारण मला खरा प्रश्न तिथंच दिसतोय. गावात सप्ताह बसतो तेव्हा घरटी पट्टी गोळा होते का नाही? पट्टी मागायला जाणाऱ्याला कुणी भिकारी म्हणत नाही, कारण आकडा ठरलेला असतो, वही असते, आणि काल्याच्या दिवशी हिशोब माईकवर वाचून दाखवतात. लग्नातल्या आहेराचं पण तेच, वहीत लिहिलेला असतो आणि वेळ आली की फेडतात. तुमच्या वडिलांनी तीस वर्षं लोकांच्या वह्यांमधे नाव लिहिलंच असेल की. मागण्यात लाज नाही, बिनहिशोबी मागण्यात आहे. आमच्याच घरातलं सांगतो, माझ्या चुलत्याच्या आजारपणात लोकांनी रोख पैसे दिले, कुणी मदत म्हणून, कुणी उसने म्हणून, लिहून कुणीच ठेवलं नाही, आणि दोन वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत जो तमाशा झाला तो अजून निस्तरला नाही. मी तेव्हाही लोकांना असाच पैशाचा सल्ला देत होतो, मला सुचायला पाहिजे होतं.

म्हणून तुम्ही वही करा, दोन रकाने, एक मदत, दुसरा उसने, आणि प्रत्येकाला पैसे घेतानाच विचारा की कशात लिहू. तीनशे जणांच्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा वीस-पंचवीस जणांना, मामा, मावश्या, वडिलांचे मित्र, तुमच्या वर्गातल्या पोरी, एकेकाला फोन करा. "काही जमलं तर बघा" असं म्हणू नका, त्यानं समोरचा पण अवघडतो. "पाच आठवडे बार्शीला राहायचंय, 25 हजार लागतात, त्यातले तुम्ही तीन द्याल का" असं म्हणा. आणि पैशाशिवायचं पण मागा. सोयाबीनच्या राशीला सावडीनं माणसं आली तर भावाला आईसोबत दवाखान्यात थांबता येईल. कुणाची बार्शीत खोली असेल, कुणी रक्त देईल. बऱ्याच लोकांना द्यायचं असतं, काय द्यावं ते कळत नाही.

फोटोचं मात्र मला अजिबात पटलं नाही. आईला विचारलंय का? तुमच्या मेसेजमधे वडील आहेत, भाऊ आहे, मैत्रीण आहे, आई काय म्हणली ते कुठंच नाही. आजार तिच्या अंगाला आहे, तो कसला आहे हे गावाला कळू द्यायचं का नाही ते तिनंच ठरवायचं. "आईचं मोठं ऑपरेशन आहे" एवढं सांगून पण मदत येते, आणि एकदा फॉरवर्ड झालेला फोटो परत बोलावता येत नाही.

पैसे आईच्या स्वतःच्या खात्यावर घ्या. ह्याचं कारण टॅक्सचं आहे. सख्खे भाऊ-बहीण, लेकरं यांनी दिलेल्या पैशावर टॅक्स नसतो, पण शेजारी, मित्र, इतकंच काय चुलत-मावस भावंडं सुद्धा कायद्याच्या "नातेवाईक" मधे बसत नाहीत, अशांकडून वर्षात मिळून 50 हजाराच्या वर मदत आली तर ती सगळी उत्पन्नात धरली जाते. आईला दुसरं उत्पन्न नाही, त्यामुळं एवढ्या रकमेवर तिला काही भरावं लागणार नाही. उसने घेतलेले यात येत नाहीत, म्हणून पण वही पाहिजे. खातं जुनं जनधनचं असेल तर केवायसी पूर्ण आहे का बघा, अर्धवट केवायसीच्या छोट्या खात्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही.

मुंबईला जायची वेळ आलीच तर लातूर-मुंबई गाडीला कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत, दवाखान्याचं सर्टिफिकेट लागतं. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथं पेशंट आणि नातेवाईकांची स्वस्तात सोय होते, पण गर्दी असते, आधी चौकशी करून जा.

आणि समजा योजनेत एखादं महागडं औषध बसलंच नाही तर हा सगळा हिशोब बदलतो, तेव्हा सोनं आधी, मग मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज, तोही उपचाराच्या आधीच करायचा असतो, आणि ट्रस्टचा दवाखाना असेल तर वर्षाचं उत्पन्न 1 लाख 80 हजाराच्या आत असणाऱ्यांना मोफत आणि 3 लाख 60 हजाराच्या आत असणाऱ्यांना सवलतीच्या खाटा राखीव असतात, त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, त्याला दिवस लागतात.

आरोग्यमित्र काय म्हणला ते कळवा. भावाला तोपर्यंत बयाणा घेऊ देऊ नका.