राजमुद्रा वाचायला शिकताय ना, मग आधी शब्द फोडा

अरे वा, संस्कृत वाचायला शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेपासून सुरुवात करताय ते बेस्ट. फक्त एक सांगतो, टीशर्टवर किंवा स्टिकरवर छापलेलं बघून पाठ करू नका, त्यात बऱ्याचदा विसर्ग उडालेला असतो आणि मग अर्थ लागत नाही. आधी संधी सोडवा, म्हणजे जोडलेले शब्द सुटे करा. मुद्रेवरचं प्रतिपच्चंद्रलेखेव म्हणजे प्रतिपत् + चंद्रलेखा + इव, प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी. वर्धिष्णु म्हणजे वाढत जाणारी. शाहसूनोः ही षष्ठी विभक्ती, शहाजींच्या मुलाची, आणि शिवस्यैषा म्हणजे शिवस्य + एषा, शिवाची ही. आता खरी मेख राजते मध्ये आहे, मीपण कितीतरी वर्षं 'राज्य करते' असंच समजत होतो पण ते 'शोभते' आहे, आणि भद्राय ही चतुर्थी विभक्ती, कल्याणासाठी. म्हणजे मुद्रा लोकांच्या भल्यासाठी शोभते, किती सुंदर आहे बघा हे!

हे जमलं की महाराष्ट्र पोलिसांचं ब्रीदवाक्य सद्रक्षणाय खलनिग्रहणाय घ्या, तिथेही दोन्हीकडे तीच चतुर्थी, सज्जनांच्या रक्षणासाठी, दुष्टांना आवरण्यासाठी, लगेच कळेल तुम्हाला. आणि हो, महाराजांच्या पत्राच्या शेवटी उमटवली जायची ती मर्यादेयं विराजते ही छोटी मुद्रापण बघा, मर्यादा + इयं, ही सीमा, म्हणजे मजकूर इथे संपला, यापुढे कोणी काही घुसडायचं नाही.