वाचकांचे प्रश्न : जुनी वसाहत पाडायची की राखायची?

प्रश्न : फ्रान्समधल्या बोर्दो शहरात रहिवाशांना बाहेर न काढता उंच इमारतींचा कायापालट केला म्हणतात. हे जमले कसे?

उत्तर : ग्राँ पार्क वसाहतीतल्या त्या तीन इमारती, घरे ५३०, बांधकाम १९६०च्या दशकातले. वास्तुकार लाकातों आणि वासाल यांनी सहकाऱ्यांसह जुना सांगाडा तसाच ठेवला. त्याच्यापुढे, परांची उभारावी तसा, काँक्रीटच्या तयार भागांचा दुसरा सांगाडा जमिनीपासून रचत नेला. घरांना ३.८ मीटर खोल काचबंद व्हरांडे मिळाले.

एका घराचे काम १२ ते १६ दिवसांत उरकले. इथे क्रम महत्त्वाचा. नव्या व्हरांड्याचा स्लॅब आधी बसतो (अर्ध्या दिवसाचे काम), मग जुनी बाहेरची भिंत कापतात, मग सरकती काचेची दारे लावतात आणि शेवटी न्हाणीघर, वायरिंग वगैरे. भिंत आधी कापली तर घर उघड्यावर पडेल आणि कुटुंबाला हलवावेच लागेल.

व्हरांडा मुद्दामच तापवायचा नसतो. आतल्या उबदार खोल्या आणि बाहेरची थंडी यांच्यामध्ये तो हवेचा थर म्हणून काम करतो. तिथे कुणी हीटर लावला की वाचवलेली ऊर्जा तिथेच गेली. आणखी एक अडचण अॅस्बेस्टॉसची, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणाऱ्या तंतुमय खनिजाची. त्या काळच्या बांधकामात तो बऱ्याचदा सापडतो. त्याची तपासणी न करता भिंतीला ड्रिल लावले, तर काम मध्येच थांबते आणि दिवसांचे सगळे गणित कोलमडते. सांगाड्यातले लोखंडच गंजून फुगले असेल, तर मात्र हा मार्ग विसरावा.

प्रश्न : अॅमस्टरडॅममध्ये अख्खी इमारत १ युरोला विकली, हे खरे का?

उत्तर : खरे आहे. बाइलमर भागातली क्लाइबुर्ग ही सुमारे ४०० मीटर लांबीची, ५०० घरांची इमारत. घेणाऱ्या गटाने लिफ्ट, सज्जे आणि सामायिक यंत्रणा दुरुस्त केल्या. घरे मात्र मोकळ्या खोक्यासारखी विकली. स्वयंपाकघर, शॉवर, खोल्यांच्या भिंती, सगळे ज्याचे त्याने करायचे. त्यामुळे किंमत उतरली. आमच्या मते खरी हुशारी तळमजल्यावर दिसते. तिथे अडगळीच्या खोल्यांची रांग होती, म्हणजे रस्त्याकडे बघणारे कुणीच नाही. त्या खोल्या वरच्या मजल्यांवर लिफ्टजवळ नेल्या आणि खाली घरे केली. स्वतः घर उभारण्याची ऐपत आणि उसंत नसलेल्या भाडेकरूला मात्र या योजनेचा उपयोग नाही.

प्रश्न : पाडायचेच ठरले, तर रहिवाशांना विचारतात का?

उत्तर : देशागणिक नियम वेगळे. लंडनमध्ये जुलै २०१८पासून, महापौरांच्या निधीतून वसाहत पाडून १५० किंवा अधिक घरे बांधायची असतील तर, काही अपवाद सोडता, रहिवाशांचे मतदान घ्यावे लागते. साधे बहुमत पुरते. किती टक्के मतदान व्हावे याची अट नाही. वय १६ पूर्ण असले की मत देता येते. मत देण्यापूर्वी प्रस्तावातला एक शब्द नीट वाचावा : ‘परवडणारे भाडे’. इंग्लंडच्या नियमांत ते बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, तर जुने ‘सामाजिक भाडे’ (पालिकेच्या किंवा गृहसंस्थांच्या घरांचे) सहसा त्याहून बरेच कमी असते. नव्या वसाहतीत परत येण्याचा हक्क कागदावर असूनही परतणे परवडत नाही, ते इथेच.