रेडिओआयोडीननंतर आई सुजलीय, सारखी झोपते, तरी टीएसएच कमीच. काय करावं?

तुम्ही लिहिलंय, आईंना रेडिओआयोडीनचा (थायरॉइड ग्रंथी निकामी करणारं किरणोत्सर्गी औषध) डोस घेऊन तीन महिने झाले, चेहरा सुजलाय, दिवसभर पडून असतात आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, थायरॉइड जास्त झाला की हे कमी होतं) कमी आला म्हणून डॉक्टर 'थायरॉइड अजून वाढलेलाच' म्हणतात. आधी रिपोर्टवर बघा, फ्री टी-फोर (रक्तातलं खुद्द थायरॉइडचं हार्मोन) केलाय का?

माझं नेमकं इथंच बिनसलं. आम्ही तासगावकडचे. मला ग्रेव्ह्ज (थायरॉइड जास्त करणारा आजार) होता, ऑक्टोबर छाटणी उरकून मी डोस घेतला. फेब्रुवारीत बेदाण्याच्या शेडवर बायका घामानं निथळत होत्या आणि मी स्वेटर घालून. आवाज घोगरा. सासूबाई खूश, "अंग धरलं गं बाई," कारण आधी मी पार वाळले होते. जवळच्या डॉक्टरांनी नुसता टीएसएच केला, कमी दिसला म्हणून थायरॉइड कमी करणारी कार्बिमॅझोल वाढवली. विझत आलेल्या चुलीवर वर तांब्याभर पाणी! पुढं जेवता जेवता डोळा लागायला लागला, नाडी 48. मिरजेला ॲडमिट केलं तेव्हा टी-फोर नावालाच उरला होता.

तिथल्या मॅडमनी समजावलं: थायरॉइड बरेच दिवस जास्त राहिला की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडायचंच थांबवते. डोसनं थायरॉइड संपत आला तरी पिट्युटरीला जाग यायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर एकट्या टीएसएचवर जायचं नाही. पहिले 6 महिने दर 4 ते 6 आठवड्यांनी फ्री टी-फोर हवाच. डोस दिलेल्या डॉक्टरांनाच रिपोर्ट दाखवा. मनानं थायरॉक्सिनची (थायरॉइडचं हार्मोन भरून काढणारी) गोळी चालू करू नका. वय जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल तर थायरॉक्सिन अगदी थोड्यापासून वाढवतात.

आणि हाका मारूनही आई नीट जाग्या होत नसतील, अंग गार लागत असेल, श्वास मंद झाला असेल तर रिपोर्टबिपोर्ट राहू द्या, लगेच आयसीयू असलेल्या दवाखान्यात न्या.

डोळे लाल, पुढं आलेले वाटले तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडंही जा. ग्रेव्ह्जमध्ये या डोसनंतर डोळे बिघडू शकतात, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे जास्त.

थायरॉक्सिनची गोळी चालू झाली की उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. आमच्याकडं चहाशिवाय दिवस उगवत नाही, म्हणून मी धारा काढायला उठले की गोळी घेते, चहा तासाभरानं धारा झाल्यावर. कॅल्शियमची गोळी थेट रात्री.