जर्मनीत दहाव्या वर्षीच मुलांचं भवितव्य ठरतं, हे खरं आहे का?

तुम्ही म्युनिकला येताय, मुलगी तिसरीत आहे आणि चौथीनंतर मुलांची वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटणी होते हे ऐकून तुमचा जीव धास्तावलाय. माझी दोन्ही मुलं इथल्याच शाळांत शिकली, म्हणून सांगते.

वाटणी होते, हे खरं. शिक्षण इथे राज्यांच्या हातात आहे. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात मात्र चौथीपर्यंतच. चौथीच्या मे महिन्यात एक खास प्रगतिपुस्तक मिळतं. त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीनच विषयांची सरासरी बघतात. इथे 1 सर्वांत चांगला आणि 6 सर्वांत वाईट. सरासरी 2.33 किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियुम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा; 2.66 पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा; नाहीतर मिटेलशूल, म्हणजे मुख्यतः व्यवसायशिक्षणाकडे नेणारी शाळा. या आकड्यांपायी चौथीचं वर्ष घरोघरी ताणात जातं. एवढ्याशा लेकरांवर हा भार टाकणं मला आजही पटत नाही.

पण पुढची दारं बंद होत नाहीत. आमच्या शेजारचा मुलगा मिटेलशूलमध्ये गेला. तिथूनच दहावी केली आणि मोटार दुरुस्तीच्या आउसबिल्डुंगला लागला. म्हणजे आधी वर्कशॉपशी करार, मग आठवड्यातले एक-दोन दिवस व्यवसायशाळा, बाकीचे दिवस प्रत्यक्ष काम आणि पहिल्या महिन्यापासून पगार. अशी मुलं पुढे परीक्षा देऊन माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, झाली की त्यांना विद्यापीठातही प्रवेश घेता येतो. दहावीनंतर ‘फाखओबरशूल’ या शाळेची वाटही आहे, तिथून बारावी करून प्रत्यक्ष कामावर भर देणाऱ्या उपयोजित विद्यापीठात जाता येतं. आपल्याकडे दहावीत कमी गुण पडलेल्या मुलाकडे ज्या नजरेने बघतात, तसं इथे कुशल कारागिराकडे बघत नाहीत.

गिम्नाझियुमच्या शेवटी आबिटुअर ही परीक्षा असते. सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी बहुतेक ठिकाणी नाही, पण वैद्यकीयसारख्या शाखांना आबिटुअरचे गुण फार महत्त्वाचे ठरतात.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मला काळजी वाटते ती भाषेची. गणितातही शाब्दिक उदाहरणं जर्मनमध्येच सोडवायची असतात आणि तुमच्या हाती वेळ थोडा आहे. म्हणून जर्मन आत्ताच, निघण्याआधीपासून सुरू करा. शाळेत नाव घालतानाच नवीन आलेल्या मुलांसाठी जर्मनचा वेगळा वर्ग आहे का, ते विचारा. शाळांसाठी सल्लागार शिक्षक नेमलेले असतात; चौथीच्या निकालाची वाट न बघता पहिल्याच सहामाहीत त्यांची वेळ घ्या. पैसे लागत नाहीत.