जननेंद्रियांवरून कीटक व कोळी ओळखू लागताना

रंग आणि आकारमान यांवर विसंबून प्रजाती ठरवण्याची घाई करू नका, कारण दिसायला हुबेहूब असणाऱ्या कित्येक प्रजाती केवळ जननेंद्रियांच्या रचनेवरूनच खात्रीने वेगळ्या करता येतात. सुरुवात नर कोळ्यापासून करावी, असे माझे मत आहे. त्याचे पेडिपाल्प हे तोंडाजवळचे उपांग शुक्राणू वाहून नेते, पण जननछिद्राशी ते जोडलेले नसते. नर आधी जाळ्यावर शुक्राणूंचा थेंब सोडतो आणि मग तो पेडिपाल्पच्या टोकाशी असलेल्या कंदात, म्हणजे फुगीर भागात, शोषून घेतो. अखेरची कात टाकेपर्यंत हा कंद पूर्ण घडलेला नसतो, म्हणून अपरिपक्व नमुन्याला प्रजातीचे नाव देण्याचा मोह टाळा. तपासण्यासाठी डावा पेडिपाल्प काढा आणि उजवा नमुन्यावरच राहू द्या. मादीत बाहेरून एपिगाइन, म्हणजे जननछिद्रापाशी असलेली कठीण पट्टिका, पाहावे. मात्र काही कुलांत ते नसतेच.

भुंगेऱ्यांची जननेंद्रिये पाहण्यासाठी त्यांचे उदर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून मऊ करावे लागते, आणि येथे धीर हवाच.

जननेंद्रियांची ही विविधता का निर्माण झाली, हा प्रश्न मला अजूनही सर्वांत मोलाचा वाटतो. कीटकशास्त्रज्ञ लिओं द्युफूर यांनी 1844 मध्ये कुलूप-किल्लीची कल्पना मांडली, म्हणजे एकाच प्रजातीच्या नर-मादीची जननेंद्रिये एकमेकांत नेमकी बसतात, तर 1979 मध्ये जीवशास्त्रज्ञ जोनाथन वाग यांनी टाचणी या चतुरासारख्या कीटकाचा नर आपल्या शिश्नाने आधीच्या नराचे शुक्राणू मादीच्या शरीरातून खरवडून काढतो, हे दाखवले. म्हणून प्रत्येक काटा, प्रत्येक वळण रेखाटून ठेवा.