सिम्युलेटर जमतोय, मग मॉडेल विमानांच्या क्लबमध्ये कशाला जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणकावरच्या सिम्युलेटरवर चाळीस तास झालेत, फोमचा ट्रेनर म्हणजे शिकायचं विमान आणि ते उडवायचा हातातला रेडिओ घेऊन झालाय, मोकळी जागाही सापडलीय. क्लब एकदा लांबून बघितला, तर "दोघं उडवत होते आणि आठजण नुसते खुर्च्या टाकून बसले होते." मग वर्गणी आणि नियम गळ्यात कशाला बांधून घ्यायचे?

बाकीचं सगळं मी समजू शकतो, पण त्या खुर्च्यांबद्दल मला बोलायचंच आहे. हेच वाक्य, जवळपास याच शब्दांत, मी आमच्या क्लबच्या सभेत ऐकलंय आणि त्या दिवशी मतदानात हरलोय.

आधी खुर्च्या आल्या कुठून ते बघा. तुमचा रेडिओ 2.4 गिगाहर्ट्झचा आहे. चालू केला की तो आणि विमानातला रिसीव्हर एकमेकांना ओळखतात, शेजारच्याने काय चालू केलंय याच्याशी तुम्हाला देणंघेणं नाही. 2005 च्या आसपास हे रेडिओ आले, त्याआधी सगळं क्रिस्टलवर चालायचं, कुठे 35 मेगाहर्ट्झ तर कुठे 72. एका क्रिस्टलचा एक चॅनेल. तुमचं विमान हवेत असताना त्याच चॅनेलचा दुसरा रेडिओ कुणी चालू केला, की विमान गेलंच. म्हणून मैदानात एक फळी असायची, तिच्यावर चॅनेलचे आकडे आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. आपल्या आकड्याचा चिमटा काढून अँटेनाला लावायचा, मगच रेडिओला हात लावायचा. एका चॅनेलवर चौघं असले तर एकजण उडवणार आणि तिघं बसणार, तासतासभर. त्या तासांत कुणाच्या पंखाचा वाक निघायचा, कुणाच्या इंजिनाचा नीडल, म्हणजे इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, जुळायचा, कुणी नव्या पोराला सर्व्होच्या, म्हणजे विमानाच्या फळ्या हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या, हॉर्नचं आतलं भोक वापरायला शिकवायचं. 2.4 आल्यावर वाट बघणं संपलं, पण खुर्च्या राहिल्या. त्यांचा उपयोग लोकांना तोवर कळला होता.

मला तो कळला एका रविवारी सकाळी. 2 मीटर पंखविस्ताराचा इलेक्ट्रिक ग्लायडर मी चार महिने रात्री जागून बांधला होता, बाल्साच्या रिब्ज आणि वरून फिल्म. हाताने फेकला, मोटर तीसेक सेकंद चालवली, बंद केली, आणि खाली यायचं सोडून तो चढायला लागला. थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, लागला की एक पंख हलकेच उचलला जातो, त्या उचललेल्या बाजूला वळायचं, हे मला वाचून माहीत होतं. वळलो. पोटात गोळा येतो तसा आनंद झाला. पाच मिनिटांत त्याचा ठिपका झाला.

300 मीटरवर 2 मीटरचे पंख पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहूनही कमी दिसतात. तेही आडवे दिसले तर. नाक आपल्याकडे केलं की उरते फक्त एक रेघ. मी घाबरलो आणि एलेव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी, खाली दाबला. वेग वाढला आणि वरून भुंग्यासारखा आवाज यायला लागला. एलेरॉनला, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या फळीला, फ्लटर लागला होता, ती थडथडत होती. आणखी दोन सेकंद तसंच दाबून धरलं असतं तर पंख हवेतच फाटले असते. स्टिक सोडली, ट्रिम कुठे सरकलाय बघायला मान खाली घातली, परत वर बघितलं तर नुसतं आकाश.

मागून आवाज आला, "मी धरलाय त्याला. तू हलू नकोस. उजवा दे. अजून थोडा. सोड."

ते काका खुर्चीत होते. सत्तरी ओलांडलेली. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी उडवणं सोडलं होतं, पण एक रविवार चुकवायचे नाहीत. मला काहीच दिसत नव्हतं, ते बोलत होते आणि मी स्टिक हलवत होतो. दोन घिरट्या तशा झाल्या, मग ग्लायडर झाडांच्या रांगेमागे उतरत गेला. "गेला," काका म्हणाले. पण हात खाली घेतला नाही. बोट तसंच रोखलेलं. "ह्या रेषेत दोन काठ्या रोवा. लवकर, माझा हात टिकायचा नाही."

कुणीतरी काठ्या रोवल्या. शेडच्या कोपऱ्याशी, ऐंशी-नव्वद पावलांवर, आणखी एकजण बसला होता. त्यानेही तो जाताना बघितला होता. त्याचीही रेषा घेतली. एका माणसाच्या रेषेवरून दिशा कळते, अंतर कळत नाही. दोन रेषा जिथे छेदतात तिथे विमान. माझ्या हिशेबाने ते झाडांच्या लगेच पलीकडे होतं, रेषा म्हणत होत्या की त्याच्या दुप्पट लांब. हवेत उडणारी सगळी विमानं उतरवून माणसं उठली. काका काठ्यांपाशी उभे राहून फोनवर आम्हाला रेषेत ठेवत होते, "डावीकडे सरकलात, उजवीकडे या." शेडपाशी दुसरा तेच करत होता. माझा रेडिओ तिसऱ्याकडे. थ्रॉटल अगदी तळाशी, त्याला हात लावायचा नाही, फक्त रडर, म्हणजे शेपटीची उभी फळी, डावीकडे-उजवीकडे हलवत चालायचं. मी सगळ्यात पुढे, कान देऊन.

वीस मिनिटांनी कमरेएवढ्या गवतात झिर्र झिर्र ऐकू आलं. सर्व्हो रडर हलवत होता. मी धावत जाऊन ग्लायडर उचलणार, तोच मागचा ओरडला, "आधी बॅटरी!" लिपो बॅटरीचा एक कोपरा चेपला होता. चेपलेला लिपो तेव्हा गप्प राहतो आणि नंतर गाडीत पेट घेऊ शकतो. बॅटरी काढून मोकळ्या मातीवर लांब ठेवली आणि एकजण तिच्यावर लक्ष ठेवत थांबला. नाक तुटलं होतं, एका पंखाची फिल्म फाटली होती. पुढच्याच महिन्यात तो परत उडाला.

आता मोजा. दोन रेषांवर दोघं, रेडिओवर एक, गवतात मी, बॅटरीपाशी आणखी एक. एकट्या माणसाला हे सगळं करता येत नाही. आणि महत्त्वाची दोघं ती होती, जी तुम्हाला नुसती बसलेली दिसली.

दोनेक वर्षांनी आमच्यातल्याच एकाने सभेत ठराव मांडला. माझा मित्र, आणि उडवण्यात आमच्या सगळ्यांहून सरस. मैदान फोनवरून बुक करायचं, अर्ध्या तासाची पाळी, एका वेळी दोन पायलट, पाळी झाली की पुढच्याला जागा मोकळी करून द्यायची. त्याचं म्हणणं, "उडवणारे दोघं, बसणारे आठ. मैदान उडवण्यासाठी आहे की बसण्यासाठी?" मी विरोध केला, पण नीट बोललो नाही, आवाज चढला. ठराव चार मतांच्या फरकाने मंजूर झाला.

काकांना पाळी मिळेना, कारण पाळी विमानाला होती आणि त्यांच्याकडे विमान नव्हतं. येऊ नका असं त्यांना कुणीच म्हटलं नाही. दोनदा आले. ज्याची पाळी होती तो आला, तीन बॅटऱ्या उडवल्या, गाडीत सामान भरलं आणि गेला. तिसऱ्या रविवारी काका आले नाहीत. मी त्यांच्या घरी जायला तीन आठवडे लावले, आणि ही चूक सर्वस्वी माझी.

त्याच काळात एक नवा मुलगा आला. सिम्युलेटरवर तुमच्यापेक्षा जास्त तयारीचा, उलटं विमान छान धरायचा. आपल्या पाळीला एकटा होता. आदल्या रात्री त्याने रेडिओत नवीन मॉडेल तयार केलं होतं आणि एलेरॉन उलटे राहिले होते. विमानाच्या मागे उभं राहून स्टिक उजवीकडे दिली, तर उजवा एलेरॉन वर जायला हवा. त्याचा खाली जात होता. विमान उठलं, वाऱ्याने जरा डावीकडे कललं, त्याने उजवा दिला, ते आणखी डावीकडे कललं, त्याने आणखी उजवा दिला. धावपट्टीवरून उठल्यापासून दोन सेकंदांत संपलं. पूर्वी कुणीही नवं विमान पट्टीवर नेताना खुर्चीतून एक हाक हमखास यायची, "एलेरॉन दाखव." त्या दिवशी ती हाक द्यायला कुणी नव्हतं. तुकडे पिशवीत भरून तो गेला आणि परत आला नाही. सिम्युलेटरमधल्या विमानाचे एलेरॉन कधी उलटे नसतात, सीजी, म्हणजे विमानाचा तोल साधणारा बिंदू, कधी मागे सरकलेला नसतो, बॅटरीचा पट्टा कधी सुटत नाही. तुमच्या चाळीस तासांत नेमकी हीच गोष्ट नाही.

माझ्या मित्राचं यावर उत्तर आहे की तपासणीची यादी करून द्या, प्रत्येकाने उडवण्याआधी ती बघावी. यादी होती. बुकिंगमध्येच होती, आणि त्या मुलाने तिच्यावर खूण केली होती. वर्षभराने रविवारची सकाळ पुन्हा सगळ्यांना मोकळी केली गेली. पण आमचा वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही विचारलंत म्हणून त्यालाही हे वाचायला पाठवणार आहे.

तो असंही म्हणतो की मदत नवशिक्यांना लागते, हात बसला की ज्याने त्याने आपलं आपण उडवावं. मग मॉडेल विमानं बांधणाऱ्या अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांचं काय? 2003 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या गटाचं विमान कॅनडातल्या न्यूफाउंडलंडहून निघून अटलांटिक ओलांडून आयर्लंडला उतरलं. बाल्साचं, वजन 5 किलोच्या आत, 38 तासांहून जास्त उड्डाण, जवळपास 3,000 किलोमीटर. हिल तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले, आणि दृष्टी इतकी अधू की कायद्याच्या व्याख्येत अंध. आधीची विमानं समुद्रात गेली होती. हे विमान त्यांनी स्वतःच्या हाताने हवेत सोडलं, मधला समुद्र ऑटोपायलटने पार केला, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर वाट बघत उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसाने ते उतरवलं. विमानाला नाव दिलं होतं, ज्या शेतावर सगळे मिळून चाचण्या घेत त्या शेताचं. इतका मोठा माणूससुद्धा पलीकडे कुणीतरी बघतंय या भरवशावरच उडवत होता.

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. चाळीस तास वाया गेलेले नाहीत. विमान आपल्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं, त्यात नवशिक्यांचे आठवडे जातात, ते तुमचं बहुधा झालं असेल. सिम्युलेटरमध्ये वारा बंद ठेवला असेल तर आता आडवा वारा लावा आणि दहा तास फक्त उतरवा. पहिली खरी उड्डाणं मात्र बडी केबलवर, म्हणजे दोन रेडिओ जोडणाऱ्या तारेवर, करा. दुसरा रेडिओ शिकवणाऱ्याच्या हातात, चुकलात की तो स्विच सोडतो आणि विमान त्याच्या ताब्यात जातं. हल्ली बिनतारीही होतं, पण दोन्ही रेडिओ एकमेकांना जुळतात का ते विकत घेण्याआधीच विचारायला हवं होतं. तुमचा जुळतो का ते क्लबमध्ये विचारा.

सगळेच क्लब चांगले असतात असं मी म्हणत नाही. खुर्च्यांमधून तीन माणसं तीन सल्ले देतात, तेव्हा एकच शिकवणारा धरा आणि बाकीच्यांना नम्रपणे थांबवा. काही ठिकाणी फोमच्या विमानाला खेळणं म्हणून हिणवतात, काही ठिकाणी कंपू असतात, आणि बायकामुलांना तिथे उभं राहायलाही अवघड वाटतं. हे खरं आहे आणि वाईट आहे. माझी पारख एकच. कुणाचं विमान दिसेनासं झालं की बसलेली माणसं उठतात का? उठत नसतील तर त्या क्लबची वर्गणी भरू नका, दुसरा शोधा.

आणि तरीही एकट्याने उडवायचंच ठरवलंत, तर एकटे जाऊ नका. घरचं कुणीतरी बरोबर न्या आणि त्याला एकच काम द्या, फोन खिशात आणि नजर विमानावर, पडलं तरी ती जागा सोडायची नाही. रेडिओचं रेंज चेक करा, म्हणजे लांबूनही विमान ऐकतं का ते बघा. चाकं वर उचलून धरून रेडिओ बंद करा आणि मोटर खरोखर थांबते का बघा, फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप बंद होण्याची सोय, नीट लावलाय हे तेवढ्यानेच कळतं. आणि विमानाच्या पोटावर पक्क्या शाईने फोन नंबर लिहा.